ब्रिटिश उमरावांची लग्नं, वारस आणि पदव्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी मालिका बघताना कधीतरी घरातलं कुणीतरी विचारतंच, "ही लेडी, तीही लेडी, मग मालकीण कोण?" किंवा, "तीन मुली आहेत ना, मग वाडा त्या कुठल्याशा चुलतभावाला का?" असेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे निम्मा गोंधळ मिटेल. पदवी, वाडा आणि पैसा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचा वारसा वेगवेगळ्या नियमांनी ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या त्या एकाच माणसाच्या हाती राहाव्यात म्हणून वकिलांनी जंग जंग पछाडलं, आणि त्या फुटल्या की कादंबरीला विषय मिळाला.

एकूण पायऱ्या किती? 'सर' म्हणजे लॉर्ड का?

पायऱ्या पाच. वरून खाली ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. या पाचांना मिळून 'पिअर' म्हणतात. त्यांच्या खाली बॅरोनेट. ही पदवी पहिल्या जेम्स राजाने 1611 मध्ये काढली, आणि त्यामागे पैसा उभा करण्याचा उघड हेतू होता. बॅरोनेटपद वंशपरंपरागत असतं, पण बॅरोनेट पिअर नसतो. त्याला 'सर' म्हणतात. नाइटलाही 'सर'च म्हणतात, पण ते त्याच्याबरोबर संपतं, मुलाकडे जात नाही. म्हणजे 'सर' ऐकलं की लॉर्ड समजू नये.

ड्यूक सोडून बाकी चौघांना बोलताना सरसकट 'लॉर्ड अमुक' म्हणतात. ड्यूकला मात्र 'ड्यूक'च.

पदवी कुणाला जाणार हे कोण ठरवतं?

सनद. आपल्याकडे इनामाच्या सनदेत जसं 'वंशपरंपरेने' लिहिलेलं असे, तसंच पदवी देताना राजा एक सनद देतो आणि वारसा कसा चालेल हे त्यातच लिहिलेलं असतं. बहुतेक सनदांमध्ये 'औरस पुरुष वंशज' एवढंच असतं. म्हणजे मूळ पदवीधारकापासून फक्त पुरुषांच्या साखळीने उतरलेला, कायदेशीर लग्नातून जन्मलेला पुरुष. थोरला मुलगा, तो नसेल तर त्याचा मुलगा, ती शाखाच नसेल तर दुसरा मुलगा, मग भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ आणि गरज पडली तर सातव्या पिढीत फुटलेल्या शाखेतला कुणीतरी. असे दूरचे वारस कधीकधी ऑस्ट्रेलियात किंवा कॅनडात निघतात, आणि वर्तमानपत्रांना मजा येते.

पदवीधारकाला यात काडीचाही अधिकार नाही. तो मृत्युपत्रात पदवी लिहून देऊ शकत नाही, नावडत्या मुलाला वगळू शकत नाही, विकू शकत नाही. वाडा विकता येईल, घोडे विकता येतील, पदवी नाही.

2016 मध्ये सहावे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर वारले तेव्हा लंडनच्या मेफेअर आणि बेलग्रेव्हियातल्या अफाट मालमत्तेशी जोडलेली ही पदवी ह्यू ग्रॉसव्हेनर यांच्याकडे गेली. ते तेव्हा 25 वर्षांचे होते, आणि त्यांना दोन थोरल्या बहिणी आहेत.

मुलीच असतील तर? पदवी संपतेच का?

बहुतेक वेळा मुलींना ओलांडून ती काका-पुतण्यांकडे जाते, आणि तिकडेही कुणी नसेल तर संपते. पण 'बहुतेक' हा शब्द महत्त्वाचा, कारण अपवादांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार जुन्या बॅरनपदांचा. मध्ययुगात राजा सनद न देता फक्त संसदेला येण्याचा हुकूम पाठवी, आणि त्या हुकमातून पदवी निर्माण झाली असं पुढे मानलं गेलं. अशा पदव्या मुलीला मिळू शकतात. दुसरा प्रकार स्कॉटलंडचा. तिथल्या बऱ्याच जुन्या पदव्या, मुलगा नसेल तर, थोरल्या मुलीकडे जातात.

तिसरा प्रकार सर्वांत मनोरंजक, कारण त्यात माणसं दिसतात. सनदेतच खास अट घालून घ्यायची. पहिले ड्यूक ऑफ मार्लबरो म्हणजे ब्लेनहाइमच्या लढाईचे सेनापती जॉन चर्चिल. त्यांचा एकुलता उरलेला मुलगा 1703 मध्ये वारला. एवढा मोठा विजय मिळवलेल्या माणसाची पदवी बुडू द्यायची नाही म्हणून संसदेने 1706 मध्ये कायदाच करून ती मुलींकडे जाण्याची सोय केली. त्याप्रमाणे 1722 मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली, आणि तिच्यानंतर ती पदवी धाकट्या बहिणीच्या मुलाकडे, स्पेन्सर घराण्यात गेली.

आपल्याला जवळचं उदाहरण माउंटबॅटन यांचं. त्यांना दोन मुलीच होत्या, त्यामुळे 1946 ची व्हायकाउंट आणि 1947 ची अर्ल या दोन्ही पदव्या मुलींकडे जातील अशी तरतूद सनदेतच होती. ऑगस्ट 1979 मध्ये आयर्लंडमध्ये बॉम्बस्फोटात त्यांची हत्या झाली आणि थोरली मुलगी पॅट्रिशिया त्या क्षणी काउंटेस माउंटबॅटन ऑफ बर्मा झाली. त्याच बोटीवर ती स्वतः गंभीर जखमी झाली होती, आणि तिचा एक चौदा वर्षांचा मुलगा गेला होता. 2017 मध्ये ती वारल्यावर पदवी तिच्या थोरल्या मुलाकडे गेली.

आणि कर्झन. बंगालच्या फाळणीचे व्हाइसरॉय म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पदव्यांच्या अभ्यासकाला कर्झन म्हणजे पर्वणी आहे. त्यांना तीन मुली, मुलगा नाही. आयुष्यभर ते पदव्या गोळा करत गेले, आणि प्रत्येक पदवीचा रस्ता वेगळा आखून ठेवला. 1925 मध्ये ते वारले तेव्हा काय झालं पाहा. मार्क्विसपद आणि अर्लपदं तिथेच संपली. व्हायकाउंट स्कार्सडेल ही पदवी पुतण्याकडे गेली, कारण 1911 च्या सनदेत ती त्यांच्या वडिलांच्या पुरुष वंशजांना खुली ठेवली होती. आणि त्याच वर्षी घेतलेलं रेव्हन्सडेलचं बॅरनपद मुलींसाठी राखलेलं होतं, ते थोरल्या आयरीनला मिळालं. एका माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या पदव्यांची अशी पांगापांग झाली.

आयरीनची गोष्ट इथे संपत नाही. 1925 मध्ये ती बॅरोनेस झाली खरी, पण वंशपरंपरागत पदवी असलेल्या बायकांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बसायला बंदी होती. 1958 मध्ये हयातीपुरत्या पदव्या देण्याचा कायदा झाला तेव्हा तिला वेगळी हयातीची पदवी देण्यात आली आणि त्या दाराने ती सभागृहात शिरली. स्वतःची पिढीजात पदवी हातात असताना! ती बंदी उठली 1963 मध्ये.

तीन बहिणी असतील तर थोरलीला का नाही?

कारण इंग्लंडच्या जुन्या कायद्यात भावांमध्ये थोरला-धाकटा असतो, बहिणींमध्ये नाही. सगळ्या समान वारस. जमीन वाटता येते, पदवीचे तुकडे करता येत नाहीत. म्हणून हुकमातून निर्माण झालेलं जुनं बॅरनपद अशा वेळी लोंबकळत राहतं. एकाच बहिणीचा वंश उरेपर्यंत किंवा राजा कुणा एकाच्या बाजूने निर्णय देईपर्यंत ते कुणाचंच नसतं. ग्रे ऑफ कॉडनॉर हे बॅरनपद 1496 पासून असं लोंबकळत होतं. ते 1989 मध्ये सुटलं. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

'पक्का वारस' आणि 'तूर्तचा वारस' यांत फरक काय?

थोरला मुलगा हा पक्का वारस. त्याच्यापुढे कुणी जन्माला येऊ शकत नाही. भाऊ, पुतण्या किंवा चुलतभाऊ हा तूर्तचा वारस, कारण मुलगा झाला की त्याचा पत्ता कट. म्हातारा ड्यूक नव्वदीत असला, तरी कायदा असं धरून चालतो की त्याला अजून मुलगा होऊ शकतो. पदवीधारक वारला आणि बायको गरोदर असली, तर तूर्तच्या वारसाला बाळंतपण होईपर्यंत थांबावं लागतं.

सर्वांत प्रसिद्ध तूर्तचे वारस म्हणजे विन्स्टन चर्चिल. त्यांचे वडील लॉर्ड रँडॉल्फ हे सातव्या ड्यूक ऑफ मार्लबरोंचे धाकटे पुत्र. 1892 ते 1897 या काळात नवव्या ड्यूकना मूल नव्हतं, आणि 1895 मध्ये वडील वारल्यावर रांगेत पुढे विन्स्टन उभे होते. सप्टेंबर 1897 मध्ये ड्यूकला मुलगा झाला. तो झाला नसता तर 1934 मध्ये नववे ड्यूक वारल्यावर विन्स्टन यांची खुर्ची हाउस ऑफ कॉमन्समधून लॉर्ड्समध्ये हलली असती, आणि तिथे बसून 1940 मध्ये पंतप्रधान होणं फारच अवघड गेलं असतं.

दत्तक मुलाला पदवी मिळते का?

नाही. 2004 च्या एका राजाज्ञेनंतर दत्तक मुलांना 'ऑनरेबल' वगैरे मानाची बिरुदं लावता येतात, पण पदवीचा वारसा नाही.

मराठी वाचकाला इथे एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. औरस मुलगा नाही आणि दत्तक मान्य नाही, असं म्हणत डलहौसीने 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा केलं, पुढे झाशी आणि नागपूरही. हे करत असताना, 1849 मध्ये, पंजाब जिंकल्याबद्दल त्याला मार्क्विसपद मिळालं. त्याला स्वतःला मात्र दोन मुलीच होत्या. 1860 मध्ये तो वारला आणि त्याचं मार्क्विसपद औरस पुत्र नाही म्हणून संपलं. जुनं अर्लपद तेवढं चुलत घराण्याकडे गेलं. त्याच्या देशात पदवीला दत्तक चालत नव्हता हे खरं, पण तिथे पदवी बुडाली म्हणून कुणाचं राज्य जात नसे, आणि दत्तकाला आपल्याकडे शास्त्राचा आणि रिवाजाचा आधार होता. नियम एकच वाटला तरी तो लावणं सारखं नव्हतं.

लग्नाआधी जन्मलेल्या मुलाचं काय? आईवडिलांनी नंतर लग्न केलं तर?

इंग्लंडच्या पदवीसाठी उपयोग नाही. 1926 पासूनच्या कायद्यांनी अशी मुलं इतर सर्व बाबतींत औरस ठरतात, पण पदव्या मुद्दाम वगळल्या आहेत. त्यामुळे एकाच आईबापांचा थोरला मुलगा साधा 'मिस्टर' आणि धाकटा लॉर्ड असं होऊ शकतं.

बर्कली घराण्यात हेच झालं, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाचव्या अर्ल ऑफ बर्कलीने मेरी कोल नावाच्या, साध्या घरातल्या बाईशी 1796 मध्ये उघडपणे लग्न केलं. तोवर त्यांना बरीच मुलं झाली होती. पुढे दोघांनी दावा केला की आमचं 1785 मध्येच गुपचूप लग्न झालं होतं, हे बघा चर्चचं नोंदवहीतलं पान. अर्ल 1810 मध्ये वारला. 1811 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पहिलं लग्न सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. थोरल्या मुलाचा हक्क गेला आणि अर्लपद 1796 नंतर जन्मलेल्या टॉमसकडे आलं. टॉमसने ते आयुष्यभर वापरलं नाही. वापरलं असतं तर आपली आई 1796 पर्यंत लग्नाची बायको नव्हती हे त्यानेच मान्य केल्यासारखं झालं असतं.

मूल नवऱ्याचंच आहे हे कसं ठरतं?

लग्न चालू असताना जन्मलं की ते नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. हे खोडून काढणं पूर्वी जवळपास अशक्य होतं. अँप्टहिल घराण्यातला खटला यावरूनच गाजला. 1921 मध्ये क्रिस्टाबेल रसेल यांना मुलगा झाला. नवऱ्याचं म्हणणं, आमच्यात तसे संबंधच नव्हते. डॉक्टरांचं म्हणणं, बाई गरोदर असताना वैद्यकीयदृष्ट्या कुमारिका होती. घटस्फोटाचा खटला वर्तमानपत्रांनी असा चवीने छापला की 1926 मध्ये अशा खटल्यांचा तपशील छापण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. 1924 मध्ये लॉर्ड्सनी ठरवलं की लग्न चालू असताना झालेलं मूल अनौरस ठरवण्यासाठी नवरा-बायकोची आपसातल्या संबंधांबद्दलची साक्ष चालणार नाही. मुलगा औरस राहिला. पन्नास वर्षांनी, वडील वारल्यावर, धाकट्या सावत्र भावाने पुन्हा दावा लावला. 1976 मध्ये लॉर्ड्सनी निकाल दिला की जे ठरलं ते ठरलं, आणि जेफ्री रसेल चौथे बॅरन अँप्टहिल झाले.

आता डीएनए आहे. 2016 मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, न्यायाधीशांनी स्कॉटलंडच्या प्रिंगल ऑफ स्टिचिल या बॅरोनेटपदाचा निकाल डीएनएच्या आधारे दिला. दोन पिढ्यांपूर्वीचा थोरला मुलगा बापाचा नव्हताच असं निघालं आणि पदवी दुसऱ्या शाखेकडे गेली. त्या दिवशी किती जुन्या घराण्यांमध्ये झोप उडाली असेल याची कल्पनाच करावी. टेस्ट ट्यूब किंवा दात्याच्या बीजापासून झालेल्या मुलांबद्दलही कायदा तसाच कडक आहे. पालक म्हणून सगळे हक्क मिळतात, पदवीच्या बाबतीत रक्तच बघतात.

हिंदू पद्धतीने झालेल्या लग्नातून पिअरचा वारस होऊ शकतो का?

हा प्रश्न खरंच हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला होता. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे बंगालचे नामवंत बॅरिस्टर. 1919 मध्ये त्यांना बॅरन सिन्हा ऑफ रायपूर करण्यात आलं. हे रायपूर म्हणजे बीरभूम जिल्ह्यातलं त्यांचं गाव, छत्तीसगडचं नव्हे. वंशपरंपरागत पिअरपद मिळालेले ते एकमेव भारतीय.

1928 मध्ये ते वारले आणि मुलगा अरुण कुमार यांनी सभागृहात बसण्यासाठी अर्ज केला. तिथे पेच आला. आईवडिलांचं 1880 चं लग्न हिंदू पद्धतीचं. त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करण्याची मुभा होती. ज्या लग्नात दुसरी बायको आणता येते ते इंग्लंडच्या कायद्याला 'लग्न' वाटत नसे, आणि लग्नच नाही तर औरस मुलगा कुठला? सिन्हा पतिपत्नी पुढे एकपत्नीत्व पाळणाऱ्या ब्राह्मो समाजात गेले होते, आणि तेही थोरल्या मुलाच्या जन्माआधी. हा मुद्दा कामी आला. 1939 मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, समितीने दावा मान्य केला. इंग्लंडच्या राजानेच पदवी दिली होती, तेव्हा ज्याला दिली तो विवाहित हिंदू आहे हे काय ठाऊक नव्हतं?

बायकोला कोणती पदवी मिळते? आणि नवऱ्याला?

बायकोला नवऱ्याची: डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस, बॅरोनेस. नवऱ्याला बायकोची पदवी मिळत नाही. ती स्वतःच्या हक्काने काउंटेस असली तरी तो मिस्टर तो मिस्टरच.

पदवीधारक वारला की त्याची विधवा 'डाउजर' होते, आणि नव्या लॉर्डची बायको मुख्य. (सासू-सुनेचा हा सत्तापालट वाड्याच्या किल्ल्यांपासून जेवणाच्या टेबलावरच्या जागेपर्यंत सगळीकडे चाले. यातली नाट्यमयता मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.) घटस्फोट झाला तर तिचं नाव पदवीच्या आधी लागतं, जसं 1996 नंतर 'डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स'. दुसरं लग्न केलं की तेही जातं.

'लेडी डायना' म्हणायचं की 'लेडी स्पेन्सर'?

लेडी डायना. हाच तो घोळ, तर एकदा नीट पाहू.

ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल यांच्या मुलींच्या पहिल्या नावाआधी 'लेडी' लागतं. डायना जन्मली तेव्हा तिचे आजोबा अर्ल होते, त्यामुळे ती नुसती 'ऑनरेबल' होती. 1975 मध्ये आजोबा वारले, वडील आठवे अर्ल स्पेन्सर झाले आणि ती लेडी डायना झाली. पिअरच्या बायकोला मात्र 'लेडी' आणि पुढे पदवीचं नाव, म्हणजे लेडी कर्झन. नाइट किंवा बॅरोनेटच्या बायकोला 'लेडी' आणि आडनाव. आणि ड्यूकच्या धाकट्या मुलाच्या बायकोला 'लेडी' आणि चक्क नवऱ्याचं पहिलं नाव. चर्चिल यांची आई जेनी ही आयुष्यातला मोठा काळ 'लेडी रँडॉल्फ' होती.

मुलांचं असं, की ड्यूक-मार्क्विस-अर्लचा थोरला मुलगा वडिलांच्या दुय्यम पदव्यांपैकी एक उसनी वापरतो. मार्लबरोंचा थोरला मार्क्विस ऑफ ब्लँडफर्ड, वेलिंग्टनचा मार्क्विस ऑफ डूरो. ही नुसती मानाची पदवी, कायद्याने तो सामान्य माणूसच. म्हणूनच असे 'लॉर्ड' निवडून येऊन कॉमन्समध्ये बसत. लॉर्ड रँडॉल्फही तसेच बसले.

अमेरिकन श्रीमंतांच्या मुली एवढ्या का आणल्या?

वाड्यांची छपरं गळत होती म्हणून. 1870 नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं, इंग्लंडच्या शेतीचे भाव कोसळले आणि खंडावर जगणाऱ्या जमीनदारांचं उत्पन्न आटलं. त्याच वेळी न्यू यॉर्क-शिकागोकडे रेल्वेचा आणि व्यापाराचा नवा पैसा होता, पण जुन्या प्रतिष्ठितांच्या घरांचे दरवाजे त्याला बंद होते. सौदा दोघांच्याही सोयीचा.

कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचं लग्न हा त्यातला सर्वांत बोलका. 1895 मध्ये तिच्या आईने, आल्व्हाने, तिचं मन दुसरीकडे असताना तिला नवव्या ड्यूक ऑफ मार्लबरोच्या गळ्यात बांधलं. ड्यूकला 25 लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर मिळाले आणि ब्लेनहाइम या मार्लबरोंच्या वाड्याची डागडुजी झाली. तिच्या आठवणीप्रमाणे, ड्यूकच्या आजीने पहिल्याच भेटीत तिला बजावलं की मुलगा व्हायलाच हवा, नाहीतर तो उपटसुंभ विन्स्टन ड्यूक होईल. मुलगे दोन झाले. घटस्फोट 1921 मध्ये झाला. 1926 मध्ये रोमच्या चर्च न्यायालयाने ते लग्न सक्तीचं म्हणून रद्द ठरवलं आणि आल्व्हाने स्वतः साक्ष दिली की हो, मीच जबरदस्ती केली.

याला हुंडा म्हणायचं का? नाव 'मॅरेज सेटलमेंट', बसून अटी लिहायचे दोन्हीकडचे वकील. माझ्या मते तरी नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही. कर्झन यांची पहिली पत्नी मेरी लायटरही शिकागोच्या बड्या व्यापाऱ्याची मुलगी, पण ते लग्न प्रेमाचंही होतं. त्यांच्या धाकट्या मुलीचं मधलं नाव नालदेरा, सिमल्याजवळच्या त्या रम्य जागेवरून.

पिअरला लग्नासाठी राजाची परवानगी लागते का?

नाही. ती अट फक्त राजघराण्याला, आणि आता तिथेही गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांना.

पदवी थोरल्याला, मग धाकट्यांनी काय करायचं?

पलटण, चर्च, वकिली, वसाहती. भारतात आलेल्या साहेबांमध्ये असे धाकटे मुलगे पुष्कळ होते.

जमीन थोरल्याकडे अखंड राहावी म्हणून वकिलांनी 'स्ट्रिक्ट सेटलमेंट' नावाची युक्ती शोधली. थोरला वयात आला किंवा त्याचं लग्न ठरलं की बाप-लेक बसून नवा दस्तऐवज करत. त्यात मुलगाही हयातीपुरताच मालक होई आणि खरी मालकी अजून न जन्मलेल्या नातवाच्या नावे जाई. म्हणजे प्रत्येक पिढीतला 'मालक' खरा तर राखणदार. विधवेला दरसाल किती, धाकट्यांना किती, मुलींच्या लग्नाला किती, हेही त्यातच लिहिलेलं असे. 1882 मध्ये अशा राखणदारांना जमीन विकायची कायद्याने मुभा दिली आणि ही साखळी सैल झाली.

खरा दणका मृत्यूकराने दिला. तो 1894 मध्ये सर्व मालमत्तेवर लागू झाला तेव्हा किरकोळ होता, पण दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या इस्टेटींवर 80 टक्क्यांपर्यंत गेला. चॅट्सवर्थ वाड्याच्या कॅव्हेंडिश घराण्याला हा चांगलाच भोवला. दहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरचा थोरला मुलगा विल्यम याने मे 1944 मध्ये जॉन केनेडींच्या बहिणीशी, कॅथलीनशी लग्न केलं आणि चारच महिन्यांत बेल्जियममध्ये तो मारला गेला. वारसा धाकट्या अँड्रूकडे आला. बापाने इस्टेट आधीच ट्रस्टकडे सोपवली होती, पण त्यानंतर पाच वर्षं जगणं आवश्यक होतं. 1950 मध्ये तो मुदतीला चौदा आठवडे कमी असताना गेला. कर फेडताना हजारो एकर जमीन, उत्तमोत्तम चित्रं आणि हार्डविक हॉल हा सोळाव्या शतकातला अख्खा वाडा द्यावा लागला. चॅट्सवर्थ वाचलं, ते आज तिकीट काढून बघता येतं.

पदवी नकोच असेल तर सोडता येते का?

1963 पासून येते, आणि ती टोनी बेन यांच्या हट्टामुळे. ते मजूर पक्षाचे खासदार. 1960 मध्ये वडील, व्हायकाउंट स्टॅन्सगेट, वारले आणि बेन इच्छा नसताना लॉर्ड झाले. खासदारकी गेली. पोटनिवडणूक लढवून ते पुन्हा जिंकले, तरी जागा हरलेल्या उमेदवाराला देण्यात आली. शेवटी कायदा झाला आणि पहिल्याच दिवशी बेन यांनी पदवी टाकली. त्याच वर्षी अर्ल ऑफ होम यांनीही पंतप्रधान झाल्यावर आपलं अर्लपद सोडलं. काही दिवस ते दोन्हीपैकी एकाही सभागृहात नव्हते.

सोडलेली पदवी मरत नाही, नुसती झोपते. 2014 मध्ये बेन वारले आणि त्यांचा मुलगा तिसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला.

पदवीबरोबर हाउस ऑफ लॉर्ड्सची जागा मिळते का?

1999 पर्यंत मिळे. त्या वर्षी 92 जण सोडून बाकी सगळ्या वंशपरंपरागत पिअरना बाहेर काढलं, आणि उरलेल्यांनाही काढण्याचं विधेयक 2024 मध्ये मांडलं गेलं. बाहेर काढलेल्यांची पदवी शाबूत आहे, खुर्ची नाही.

गादीसाठी मुलगा-मुलगी समान झाले, मग पदव्यांसाठी का नाही?

2013 च्या कायद्याने फक्त राजगादीचा नियम बदलला. पदव्यांसाठीही 2013 मध्येच विधेयक आलं होतं, ते पुढे सरकलं नाही. अडचण अशी सांगतात की प्रत्येक सनद वेगळी, आणि आज रांगेत असलेल्यांचा हक्क हिरावला जाईल. राजगादीच्या बाबतीत हीच अडचण एका तारखेने सोडवली होती. 28 ऑक्टोबर 2011 नंतर जन्मलेल्यांनाच नवा नियम लागू. म्हणजे मार्ग माहीत नाही असं नाही.

लिंगबदलानेही पदवीचा क्रम बदलत नाही. 2004 च्या कायद्यात तसं स्पष्ट कलम आहे.

मुंबईत अशा पदव्या कुणाला होत्या?

पिअरपद नाही, पण बॅरोनेटपदं होती. जमशेटजी जीजीभॉय, जे. जे. रुग्णालयवाले, 1842 मध्ये नाइट आणि 1857 मध्ये बॅरोनेट झाले. पारशी घरांत मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव, म्हणजे दर पिढीत नाव बदलणार. मग पदवी कुठल्या नावाने चालणार? 1860 मध्ये कलकत्त्याच्या विधान परिषदेने खास कायदा करून ठरवलं की जो कुणी वारस होईल त्याने 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव घ्यायचं. पदवीचा आब राखायला माझगावचा वाडा आणि वर्षाला एक लाख रुपये देणारे सरकारी रोखेही तिला कायमचे जोडले. थोरला मुलगा कर्सेटजी, वडिलांनंतर जमशेटजी झाला.

पेटिट घराण्यातही हीच रीत. 1890 चे पहिले बॅरोनेट दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्यानंतर आलेला नातूही सर दिनशॉ माणेकजी पेटिट. त्यांची मुलगी रतनबाई, रुटी, हिने 1918 मध्ये जिनांशी लग्न केलं. बॅरोनेटच्या मुलीला नावाआधी काहीच लागत नाही, त्यामुळे ती लग्नाआधी मिस पेटिट होती.

पदवी विकत मिळते का?

पिअरपद नाही. 1925 पासून मानसन्मान विकणं हा गुन्हा आहे. 'लॉर्ड ऑफ द मॅनर' हे विकत मिळतं, पण तो जुन्या जमिनीशी जोडलेला एक हक्क आहे. त्याने कुणी लॉर्ड होत नाही. आणि स्कॉटलंडमधली एक चौरस फूट जमीन घेऊन 'लेअर्ड', म्हणजे तिथला जमीनदार, होण्याची जाहिरात दिसली, तर ते वाढदिवसाच्या भेटीपुरतं ठीक आहे.